पाहुणा

पावडरीचा थर सगळीकडे सारखा नव्हता. दाराजवळ तो दाट होता, पलंगाकडे विरळ होत गेला होता, आणि मध्ये एका जागी फरशी स्वच्छ दिसत होती. ती जागा पावलाच्या आकाराची होती. मावशी उकिडवी बसून बघत राहिली. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने बघताना घ्यायची तसाच श्वास ती बेताबेताने घेत होती.

"तू टाकलीस?"

"हो. आईचा डबा संपवला." भाची पलंगावर भिंतीला पाठ लावून बसली होती. "भुताचे पाय उलटे असतात म्हणतात ना? याचे सरळ आहेत."

ताईने सकाळीच फोन करून बोलावून घेतलं होतं. कार्टी झोपत नाही, पाहुणा येतो म्हणते, तू सायन्सवाली, तूच काढ तिच्या डोक्यातलं खूळ.

पाहुणा हा या घराचा जुना विनोद. कात्री सापडली नाही की ती पाहुण्याने नेलेली असायची, दूध उतू गेलं की पाहुण्याने नजर लावलेली. तो मुळात आला कुठून, हे मात्र कुणाला आठवत नसे. मावशी या पोरीएवढी असताना आईला म्हणाली होती की मी झोपल्यावर खोलीत कुणीतरी येतं. "पाहुणा असेल," असं म्हणून आईने ते जेवताना सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांत जास्त काका हसले होते. त्यानंतर मावशीने तो विषय काढला नाही. हळूहळू तीही हसायला शिकली.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, वडील गेल्यावर घर त्यांनीच ओढलं. ताई मुलीला घेऊन माहेरी परतली तेव्हा ही खोली त्यांनी स्वतः रंगवून दिली. पोर आत अडकायला नको म्हणून दाराची कडी काढून टाकली. मावशी या खोलीत झोपायची तेव्हाही काढली होती.

मावशीला हे ताईला तेव्हाच सांगायचं होतं. पण ताई आधी सावरू दे, मग आईचं ऑपरेशन होऊन जाऊ दे, असं होत गेलं. शिवाय काका आता म्हातारे झाले, असं मावशीने स्वतःला समजावलं होतं.

तिच्या जिभेवर प्रश्न आला होता, तो तिने गिळला. नमुन्यात आपल्या हातचं काही पडू द्यायचं नसतं.

"तुला सांगावंसं वाटेल तेवढंच सांग. नाही सांगितलंस तरी चालेल."

भाचीने चादरीचा एक दोरा ओढला.

"तो बोलत नाही. वाकला की त्याचे गुडघे वाजतात."

मावशीचा पाहुणा अजिबात आवाज न करता यायचा. पण त्याला आता किती वर्षं झाली. आणि भुतं म्हातारी होत नाहीत.

बाहेर चपला फरपटल्या. दारापलीकडे कुणीतरी काहीतरी उचलायला वाकलं. कट्. थोड्या वेळाने, उठताना, पुन्हा कट्.

भाचीने दाराकडे पाहिलं नाही. ती मावशीच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"काय सायंटिस्टबाई," काकांचा नेहमीचा मायाळू आवाज आला, "सापडला का पाहुणा?"

"सापडला," मावशी म्हणाली.

काका हसले. चपला हळूहळू बैठकीकडे गेल्या.

मावशीने मोबाइलवर ठशाचा फोटो काढला. मग ती पलंगाजवळ आली.

"तुझं काहीही चुकलेलं नाही. तू मला सांगितलंस ते बरं केलंस."

"पावडर संपवली ती?"

"त्याचंही काही नाही."

भाचीला घेऊन ती स्वयंपाकघरात आली. ताई कांदा चिरत होती. आई खाली बसून शेंगा सोलत होती.

"काय गं, निघालं का खूळ?" ताईने मान वर न करताच विचारलं.

"हिचे कपडे भर, ताई. आजपासून ती माझ्याकडे राहील. तूही चल."

"अगं, पण झालं काय?"

मावशी बोलणार तोच तिचं लक्ष आईकडे गेलं. शेंगा सोलणारे हात थांबले होते.

"आत्ता नको," आई हळूच म्हणाली. "ते बाहेर बसलेत."

ताईने सुरी खाली ठेवली.

"ते कोण, आई?"

आई पुन्हा शेंगा सोलू लागली. दाणे फोलपटांत पडत होते, तिला कळत नव्हतं. ताईने लेकीकडे पाहिलं. मग तिने तिला जवळ ओढलं आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरलं.

मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर मावशीच्या मोबाइलमध्ये कधीपासून होता, प्लंबरच्या नावाखाली. तिने तो लावला. बैठकीतला टीव्ही कुणीतरी बंद केला. घरात एवढी शांतता झाली, की पलीकडची बाई "बोला" म्हणाली ते ताईलाही ऐकू आलं.

"मला दोन मुलींबद्दल सांगायचंय," मावशी म्हणाली. तिने आवाज लहान केला नाही. "एक माझी भाची. दुसरी मी. माणूस एकच आहे. आमचे काका."