घोड्याच्या पाठीवरचं नाव

"हे नाव मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं," बाई म्हणाल्या.

घोडेवाल्याच्या हातातली पटाशी जागीच थांबली. मेळ्याचा पाचवा दिवस होता, गर्दी अजून जमायची होती. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. पहिला लाकडी घोडा त्यांनी आपल्या मुलासाठी नेला होता. तोच मुलगा आता त्यांच्या मागे हाताची घडी घालून उभा होता.

"नातीचं नाव इतक्यात बाहेर सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं. घोड्यावर कोरायचं म्हणून तेवढं तुम्हाला सांगितलं. परवा तुमच्या दुकानाच्या नावाने मेसेज आला. घोडा तयार आहे, घरपोच हवा तर इथे दाबा. खाली नातीचं नाव. मी म्हटलं, घोडेवालेच. दाबलं."

"मी नाही हो पाठवला, बाई."

"ते कळलं. खातं धुऊन नेल्यावर कळलं."

गिऱ्हाइकांची नावं, फोन, पोरांची नावं, सगळं त्याच्या टॅबमध्ये होतं. त्याच्या मुलीनेच हौसेने भरून दिलं होतं. मेळ्यातल्या दुकानदारांचा एक शेजारधर्म असतो. एक जण चहाला गेला की शेजारचा दोन्ही दुकानं बघतो. शेजारच्या मेणबत्तीवालीला त्याच्या टॅबचा पासवर्ड काही केल्या आठवायचा नाही. मग या पठ्ठ्याने तो फळीवर कोरला. साधासुधा नाही, वळणदार अक्षरांत, वर पॉलिश मारून, आणि फळी दुकानातल्या खांबाला ठोकली. कौतुक करून गेलेल्यांपैकी कुणी फोटो काढून यादी उघडली, देव जाणे. कलाकाराला कौतुक पुरतं, चौकशी कोण करतो!

बाईंना स्टुलावर बसवून त्याने मुलीला फोन लावला. मुलगी विमा कंपनीत होती. मेळ्याआधी अर्ज घेऊन तीच घरी आली होती. आग, वादळ, चोरी, घोड्यावरून पोर पडलं तर, सगळं तिने भरलं आणि शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं होतं. "हेही घेऊ या, बाबा. कुणी तुमच्या टॅबमधली माहिती चोरून गिऱ्हाइकांना फसवलं, तर त्यांचं नुकसान कंपनी भरेल."

"माझ्याकडचं काय चोरणार गं? भुसा?" असं म्हणून त्याने स्वतःच्या हाताने तिथे फुली मारली होती. मुलगीही हसली होती.

आता फोनवर सगळं ऐकून ती म्हणाली, "ते कलम आपण घेतलं नाही, बाबा."

"हो. मीच नको म्हटलं."

'सांगत होते ना मी,' असं ती म्हणाली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आधी ती फळी काढा. मग यादीतल्या एकेकाला फोन करून सांगा, असा मेसेज आला तर दाबू नका. मी येतेच."

फळी मेणबत्तीवालीनेच उपटली. "माझ्या विसराळूपणापायी झालं रे हे," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"कोरली मी. तू कशाला रडतेस?"

मग तो बाईंपुढे आला. "मी भरून देईन, बाई. हळूहळू देईन, पण देईन."

"पैशाचं बघू हो," बाई हलकेच म्हणाल्या. "चाळीस वर्षं पगार माझ्या हातात होता, नंतर पेन्शन. आता हा म्हणतो, आई, फोन दे इकडे, खातं मी बघतो."

"तिच्या काळजीपोटीच, काका," मुलगा म्हणाला.

घोडेवाल्याने मान खाली घातली. बाईंचा हिशेब कधी एका आण्याने चुकला नव्हता. चुकला तो त्याच्यावर विश्वास टाकताना, आणि ते त्याला फार लागलं.

घोडा तयारच होता. त्याने तो फडक्याने पुसून पुढे केला. बाईंनी पाठीवरचं नाव वाचलं.

"हे काढता येईल का? सून म्हणते, चोरांच्या तोंडी लागलेलं नाव नको."

"दुसरं कोरू?"

"नको. ठरलं की बघू."

नवं नाव ठरलं, तरी ते कुणी त्याला सांगणार नव्हतं, हे त्याला कळलं. त्याने पटाशी घेतली, मग कानस, मग पॉलिशपेपर. आठवडाभर जपून कोरलेली अक्षरं अर्ध्या तासात गेली. पाठीवर उथळ खळगा उरला. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं.

"बरं झालं, पोरगी घसरायची नाही," त्या म्हणाल्या आणि सवयीने पर्स उघडली. आत पाहिलं, पुन्हा मिटली, आणि मुलाला पैसे द्यायला पुढे येता यावं म्हणून बाजूला सरकल्या.