डाव्या हाताचं सूत

सातवीत असताना मी चोरी केली. चोरी माझ्या वडिलांच्याच घरातली होती आणि ती पकडलीही त्यांनीच.

आम्ही नागपूरला पाचपावलीत राहायचो. बाबा, म्हणजे रुपराव, हातमागावर लुगडी विणायचे आणि माय, रंभाबाई, त्यांना धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरून द्यायची. दिवसभर घरात मागाचा खटखटाट असायचा. अशा घरातली पोरगी मी, आणि मला टकळीवर सूत कातता येत नव्हतं. १९६८ साली शाळेत सूतकताईचा तास असायचा. सव्वीस जानेवारीच्या प्रदर्शनासाठी प्रत्येकीला एक लडी कातून द्यायची होती. माझा धागा वीतभर निघाला की तुटायचा. राहिलाच तर गांडुळासारखा, मधेच जाड, मधेच बारीक.

बाबा गमतीनं म्हणायचे, "विणकराची पोरगी आन् सूत तुटते! लोकं काय म्हणतीन वं, शामे?"

ते हसायचे. मी पांघरुणात तोंड घालून रडायचे.

शेवटी एका दुपारी माय पाण्याला गेलेली पाहून मी मागाशेजारच्या टोपलीतलं गिरणीचं सूत काढलं, लिहायच्या पाटीभोवती गुंडाळून त्याची लडी केली आणि शाळेत नेऊन दिली.

आमच्या वर्गाच्या लांजेवारबाईंकडे तो तास त्या वर्षी नव्यानंच आला होता. त्यांनी लडी हातात घेतली, खूश झाल्या आणि प्रदर्शनात ती मधोमध टांगली. खाली लिहिलं : शामला रुपराव मेश्राम, पहिला क्रमांक. शेजारी आमच्याच वर्गातल्या प्रेमिलाची लडी होती, दुसरा क्रमांक. बक्षीस सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मिळणार होतं.

प्रदर्शनाला पालकांना बोलावलं होतं. बाबा कधी शाळेच्या आत आले नव्हते. त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून आले, दाराशी चपला काढल्या. बाई स्वतः पुढे झाल्या.

"रुपराव ना? या, तुमच्या मुलीनं नाव काढलं हो."

बाबांनी लडी दोन बोटांत धरली. एक धागा अंगठ्यावर फिरवला. बस्स, तेवढंच. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलणार.

"बाई, उद्या शनिवारी शाळा सुटल्यावर येऊ का? थोडं बोलाचं आहे," एवढंच ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी माग सुरू केला नाही. मला समोर बसवलं.

"ते सूत गिरणीचं आहे. माह्या टोपलीतलं. काहून केलं असं?"

मी सगळं सांगितलं. धागा कसा तुटतो ते, त्यांच्या हसण्याचं काय वाटतं तेही. माय मारायला उठली तर बाबांनी तिला हातानंच थांबवलं.

शनिवारी रिकाम्या वर्गात आम्ही तिघं भेटलो. बाबा बाकावर बसेनात. बाईंनी तीनदा सांगितलं तेव्हा बसले. त्यांनी खरं काय ते सांगितलं आणि पुढे म्हणाले, "बाई, पोरीची चूक आहेच. पन तिच्या आधी माही आहे. मी हिले रोज हसून राहिलो होतो. तिले शिकवाले पाहिजे होतं, ते सोडून हसलो."

बाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, माझ्यामुळे. पण त्या म्हणाल्या, "मग माझंही ऐका. मला स्वतःला टकळी येत नाही. मी मुलींच्या हाताकडे पाहिलंच नाही, नुसत्या लड्या गोळा केल्या. येत नाही म्हणायची लाज वाटली मला."

मोठी माणसं असं बोलतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

बाबांनी खिशातून टकळी काढली. "कात बरं, शामे."

मी कातायला लागले. धागा तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा तुटला. चिडून मी नकळत टकळी डाव्या हातात घेतली आणि दचकून लगेच परत उजव्या हातात धरली.

"थांब," बाई म्हणाल्या. "तू डावखुरी आहेस ना? पहिल्याच महिन्यात डाव्या हातानं लिहितेस म्हणून मी तुला पट्टी मारली होती."

"घरी हिची माय मारते," बाबा हळूच म्हणाले. "जेवतानी मारते, कांडी भरतानी मारते."

इकडे शाळेनं मारलं होतं आणि तिकडे घरानं, आणि एकमेकांना कोणी कधी विचारलं नव्हतं.

"डाव्यानं कात," बाबा म्हणाले. "पीळ उलटा पडन. पडू दे. सूत पक्कं पाहिजे."

त्या दिवशी माझा धागा पहिल्यांदा हातभर लांब निघाला. बाईंनीही टकळी मागून घेतली, आणि बाबा त्यांना कापसाचा पेळू कसा धरायचा ते दाखवू लागले. बाईंचाही धागा तुटला. आम्ही तिघंही हसलो, पण ते हसणं वेगळं होतं.

निघताना बाई म्हणाल्या, "शामला, बक्षिसाचं मी कुणाला सांगणार नाही. तुझे बाबाही सांगणार नाहीत. ते तुझं तू सांगायचं."

रविवार कसा गेला मला आठवत नाही. माय मात्र आठवते. सकाळी ताट वाढून समोर बसली आणि म्हणाली, "खा वं, ज्या हातानं खाचं त्या हातानं खा."

सोमवारी प्रार्थनेनंतर माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले. "ते सूत मी कातलं नाही. घरून गिरणीचं आणलं. बक्षीस प्रेमिलाचं आहे," एवढंच बोलले. कुजबुज झाली. एक मुलगी मोठ्यानं "चोरटी" म्हणाली. तेव्हा लांजेवारबाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि भरल्या शाळेसमोर म्हणाल्या, "आणि ते न ओळखता पहिला नंबर मी दिला. आम्ही दोघी आता नीट शिकतो आहोत."

प्रेमिला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सूतकताईच्या तासाला तिनं मला डाव्या हातानं कातताना पाहिलं आणि मधल्या सुट्टीत स्वतःचा पेळू घेऊन आली. "उलटा पीळ कसा पडते, दाखव बरं."

त्यानंतर बाबा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळेत यायचे. मी मॅट्रिक होईपर्यंत एकही शनिवार चुकला नाही. कधी माझ्याबद्दल बोलायचे, कधी वस्तीतल्या दुसऱ्या पोरींबद्दल. बाई आमच्या घरी यायच्या, मायच्या हातची भाकर खायच्या. माझ्याबद्दल घरात एक आणि शाळेत दुसरं, असं पुन्हा कधी झालं नाही. मला लपायला जागा राहिली नाही, आणि खरं सांगते, लपायची गरजही राहिली नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. १९७९ साली बुटीबोरीजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत लागले. पहिल्याच पालकसभेला चार-पाच बापे दाराबाहेर चपला काढून तसेच उभे राहिले, आत येईनात. वर्गात खुर्च्या मांडलेल्या होत्या. मी हजेरीपुस्तक उचललं, बाहेर निंबाखाली गेले आणि त्यांच्यात खाली बसले.

"तुमची पोरं घरी कशी राहतात, ते पहिले मले सांगा," मी म्हटलं. "मंग मी शाळेतलं सांगते."