सोळा टक्क्यांचा दरवाजा

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. घराचा नव्हे, घराच्या कंपाउंडचा. गल्लीतले लोक मला गेट म्हणतात. ते नाव मला मुळीच आवडत नाही, पण मला विचारतो कोण? पन्हाळ्याच्या रस्त्याला कोल्हापूर संपता संपता एक कॉलनी लागते. तिथं दोन खांबांमध्ये मी उभा आहे. आत वळायचं आणि परत जागेवर यायचं, एवढाच माझा प्रवास.

मित्रांनो, माझा जन्म शहाण्णव सालचा, उद्यमनगरातला. आकाराम वेल्डरने मला जोडलं आणि माझ्यावर थाप मारून तो म्हणाला, "हत्ती धडकला तरी हलायचा न्हाय." मला हिरवा रंग मिळाला. घराचे मालक शशिधर लक्ष्मीपुरीत धान्याच्या पेढीवर हिशेब लिहायचे. त्यांच्या पत्नी महानंदा यांनी मला हळदकुंकू लावलं. त्यांची लहानगी लेक शांभवी माझ्यावर चढून झोके घ्यायची. त्याबद्दल तिला ओरडा बसायचा, पण खरं सांगू? मला ते फार आवडायचं.

संध्याकाळ झाली की शेजारी यायचे आणि माझ्या वरच्या पट्टीवर कोपरं टेकून उभे राहायचे. एक दूध संघातले बाळासो, दुसरे शाळेतले त्र्यंबक सर. सगळ्यांची घरं कर्जाची. म्हणून बोलणंही एकच, "तुमचं किती?" म्हणजे शंभर रुपये कर्जामागे वर्षाला व्याज किती. क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं ते विचारायचे.

शशिधर हिशेबाचे पक्के, म्हणून त्यांच्या शब्दाला मान. ते ठासून सांगायचे, "दर कायमचा बांधून घ्यायचा. उद्या वीस झाला म्हंजे रडत बसाल." त्यांनी स्वतः घरासाठी कर्ज देणाऱ्या एका संस्थेत सोळा टक्क्यांचा दर बांधून घेतला. त्यांच्यावर विश्वास ठेवून त्र्यंबक सरांनीही त्याच संस्थेत तोच दर घेतला. बाळासोंचं मात्र आज बघू, उद्या बघू चाललं होतं. त्यांनी कर्ज काढलं ते बऱ्याच उशिरा.

आणि दर वीस झालाच नाही. तो उतरत गेला.

एके संध्याकाळी बाळासो माझ्यावर रेलून शशिधरांना म्हणाले, "अण्णा, मला अकरानं मिळालं की! तुमचं अजून सोळाच हाय व्हय?"

शशिधरांचा हात माझ्या पट्टीवर होता. तो घामाने ओला झालेला मला कळला. ते हसले आणि म्हणाले, "सोळा कुठलं? मी कवाच बदलून घेतलंय. माझं बी अकराच."

त्र्यंबक सर चकित झाले. "मग मला का नाही सांगितलंत?"

"वळखीनं झालं, सर. सगळ्यांचं हुत न्हाय."

सर तडक घरी गेले. मला त्या क्षणी शशिधरांचा राग आला. करकर वाजण्यापलीकडे मी काय करणार?

पुढे सर स्वतःच संस्थेत जाऊन आले. तिथं त्यांचा जुना विद्यार्थी उन्मेष काम करत होता. त्याने सांगितलं की ओळख वगैरे काही लागत नाही, जुन्या कर्जदाराने अर्ज करायचा आणि थोडी फी भरायची. सरांचा दर नऊ टक्क्यांवर आला. त्यांनी माझ्यावरून हात लांब करून शशिधरांना पेढा दिला. शशिधरांनी तो खाल्ला आणि ते म्हणाले, "माझं तर आता आठ झालंय."

तेही अर्ज करू शकले असते, असं तुम्हाला वाटेल. पण उन्मेष त्यांचे कागद उघडणार, मग ते सरांना कळणार आणि सरांकडून सगळ्या कॉलनीला. सायकल काढून ते संस्थेकडे निघायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे आणि माघारी यायचे. मला बिजागऱ्यांनी धरून ठेवलं होतं, त्यांना त्यांच्याच बोलण्याने. दरवर्षी शेजाऱ्यांचा दर उतरला की यांचा खोटा दर आणखी खाली जायचा आणि खरा हप्ता पगार खाऊन टाकायचा.

मग माझे हाल सुरू झाले. रंग नाही, तेल नाही. वरची बिजागरी खचली आणि माझा कोपरा फरशीवर घासू लागला. कोणी येऊन उभं राहू नये म्हणून शशिधर मला दिवेलागणीआधीच कडी घालू लागले. मी गंजत होतो आणि आत घर गप्प गप्प होत होतं. मला फार एकटं वाटायचं.

शांभवी बारावी झाली. वारणानगरला इंजिनिअरिंगला तिचा नंबर लागला, पण फीला पैसे नव्हते. एका सकाळी शशिधरांनी माझ्या गजांना तारेने पाटी बांधली, "घर विकणे आहे." मित्रांनो, ज्या घराची राखण करायची त्याच घराची जाहिरात छातीवर घेऊन मी उभा राहिलो. ती तार मला फार रुतली.

बाळासो आणि त्र्यंबक सर सकाळचं फिरून येत होते. पाटी पाहून दोघेही थांबले.

"अण्णा, हे काय वो? घर इकताय?" बाळासोंनी विचारलं.

"मोठं घ्यायचं हाय," शशिधर आतून म्हणाले.

"आठ टक्क्याचं कर्ज मोडून? खुळं लागलंय का तुमाला?"

तेवढ्यात महानंदा पायरी उतरून आल्या. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "आठ न्हाय, भावजी. सोळा हाय. पयल्या दिवसापासनं सोळाच हाय."

मला वाटलं, आता हशा होणार. शशिधरांनी मान खाली घातली होती. बाळासोंनी पुढे येऊन पाटीला हात लावला.

"माझं बी अकरा नव्हतं, अण्णा," ते हळूच म्हणाले. "साडेतेरा हुतं. तुमच्यासारख्या हिशेबी माणसाम्होरं शानपना दाखवायला बोलून गेलो."

शशिधरांनी मान वर केली. ज्या अकराची बरोबरी करायला ते इतकी वर्षं अडकून पडले, तो अकरा कुणाचाच नव्हता.

"चला," त्र्यंबक सर म्हणाले, "संस्था उघडेपर्यंत पोचू. फी मी भरतो, पगार झाला की द्या."

शशिधरांनी मला ओढलं, पण मी फरशीत रुतून बसलो होतो. मला हलायचं होतं, हलता येत नव्हतं. मग बाहेरून बाळासोंनी मला दोन्ही हातांनी वर उचललं. "आता वढा!" कर्रकन आवाज झाला आणि मी उघडलो.

दर नऊ झाला, तोही न बांधलेला, बदलता. घर राहिलं. शांभवी पहिलं वर्ष उसनवारीवर शिकली. जादा भरलेलं व्याज मात्र परत आलं नाही. महानंदाबाई अजून कधीतरी ते बोलून दाखवतात आणि शशिधर ऐकून घेतात.

गेल्या वर्षी दर पुन्हा चढले. संध्याकाळी शशिधर स्वतः माझ्यावर कोपरं टेकून उभे राहिले आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाले, "माझं साडेअकरा झालं बाबा. तुमचं किती?"

मित्रांनो, माझ्या गजाला त्या पाटीच्या तारेचा एक तुकडा अजून आहे. रंग देताना कुणी तो काढला नाही. तुमच्या दारच्या दरवाजाला पावसाळ्यापूर्वी तेल घाला. आणि कुणी तुमच्या दारात उभं राहून काही विचारलं, तर जेवढं असेल तेवढंच सांगा. मला खांब सोडून जाता येत नाही. तुम्हाला येतं, तेव्हा कोपऱ्यावरून माघारी फिरू नका.