चिंगीच्या पँटचे माप

मित्रांनो, शिवणकामाच्या दुकानात तुमच्या खांद्यावरून, छातीवरून, कमरेभोवती जी गार पट्टी सरसरत फिरते आणि गुदगुल्या करते, ती मी. मापाची टेप. आता माझे वय झाले आहे. पिवळा रंग विटला आहे. सहा ते नऊ हे आकडे बोटांनी घासून इतके पुसट झाले आहेत की ते आहेत असे धरूनच चालावे लागते. पण एके काळी मी कोरी करकरीत होते आणि माझ्या शब्दाला मान होता.

माझा जन्म एका लांबलचक खोलीतल्या यंत्रावर झाला. कापडाच्या पट्टीवर लेप बसला, त्यावर आकडे छापले गेले, दोन्ही टोकांना पितळी टोपणे ठोकली गेली. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. एके दिवशी एका तरुण शिंपीणबाईंनी मला खोक्यातून उचलले, दोन्ही हातांत ताणून पाहिले आणि गळ्यात टाकले. त्या दिवसापासून अठरा वर्षे मी त्या गळ्यातच होते. बाई जेवताना मी गळ्यात, भाजी चिरताना गळ्यात. एकदा तर त्या मला तशीच गळ्यात घालून लग्नाला गेल्या आणि फोटोतही आल्या.

बाई शाळेचे गणवेश शिवत. शाळा सुरू व्हायच्या आधी दुकानात मुलांची रांग लागे. बाई खांदा, छाती, बाही, कंबर, पँटची उंची असे एकेक माप मोठ्याने म्हणत आणि निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहीत. ही वही त्यांनी कधी टाकली नाही. एक भरली की दुसरी. आईबाप दारातच विचारत, "उंच झाला ना हो?" आणि बाई माझ्याकडे बघून सांगत, "पाच सेंटीमीटर! खाऊ घाला, पळतोय तो." मला फार बरे वाटे. जणू काही मीच मुलांना वाढवत होते!

बाईंना एक मोठा भाऊ होता. त्या त्याला दादा म्हणत. बसच्या कारखान्यात इंजिने दुरुस्त करणारा, हसरा, रुंद खांद्यांचा माणूस. पण उंचीने बाईंच्या कानापर्यंतच. त्याचे पाय कंसासारखे बाहेरच्या बाजूला वाकलेले होते आणि तो चालताना दोन्हीकडे डुलत असे. त्याची पँट बाईच शिवत, कारण तयार पँट घेतली तर अर्धा हात कापड खाली लोळायचे.

दादाचे माप घेताना त्यांची म्हातारी आई खुर्चीवर बसलेली असे. माझे टोक त्याच्या घोट्याला लागले की ती तोंड फिरवी. "हा लहान होता त्या दोन वर्षांत घरात दूधच नव्हतं," ती पुटपुटे. "माझी गरिबी याच्या पायात उतरली." हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची मोजदाद नाही.

मग दादाला मुलगी झाली. तिला सगळे चिंगी म्हणत. गोल गालांची, बडबडी, एक नंबरची चौकस. पहिले वर्ष ती इतर बाळांसारखीच वाढली. चालायला लागली आणि दोन वर्षांची होता होता तिचे पाय वाकू लागले. ती बापासारखीच डुलत चालायची. जिना चढताना कठड्याला लोंबकळायची. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली तरी "कडेवर घे" म्हणायची. शाळेत मुले तिला बदक म्हणू लागली. शिक्षिका म्हणाल्या, "हुशार आहे, पण आळशी आहे. खेळाच्या तासाला बसून राहते."

घरात सगळ्यात जास्त हाय खाल्ली ती आजीने, म्हणजे दादाच्या आईने. एकदा जे घडले तेच पुन्हा घडतेय, असे तिला वाटले. या वेळी घरात दूध होते, अंडी होती, फळे होती. मग चूक कुणाची? आजीचे बोट सुनेकडे वळले.

"वेळच्या वेळी भरवलं असतंस तर ही वेळ आली नसती," आजी म्हणायची. चिंगीची आई एका बेकरीत काम करायची. पहाटे निघायची, दुपारी परतायची.  सासूचे बोलणे ऐकून ती चिंगीच्या पुढ्यात आणखी एक अंडे सोलून ठेवी.

जवळच्या डॉक्टरांनी पाय पाहिले आणि मुडदूस, म्हणजे हाडे मऊ पडण्याचा आजार, म्हणून सांगितले. डी जीवनसत्त्वाचे थेंब सुरू झाले, मग इंजेक्शने. मित्रांनो, त्या डॉक्टरांना नावे ठेवू नका. ते पाय पाहून कुणालाही मुडदूसच वाटला असता. पण वर्ष गेले, दोन वर्षे गेली, पाय काही सरळ होईनात. प्रत्येक वेळी डोस वाढला. वर आजी कुठून तरी मिळवलेली आणखी एक बाटली गुपचूप पाजायची, लवकर गुण यावा म्हणून.

चिंगी सात वर्षांची झाली त्या वर्षी ती आईबरोबर गणवेशाच्या मापाला आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. आल्या आल्या ती दोन पेले पाणी प्यायली.

"आत्या, मला सारखी तहान लागते," ती म्हणाली. "आणि जेवण बघितलं की उलटी येते."

बाईंनी तिचे माप घेतले. खांदा, छाती, बाही. मग पँट. त्यांनी ते पुन्हा घेतले. तिसऱ्यांदा घेतले. मग जुन्या वह्या काढल्या आणि भर दुपारी, गिऱ्हाईक दारात उभे असताना, जमिनीवर बसून पाने उलटू लागल्या.

"वहिनी, इकडे बघ," त्यांनी चिंगीच्या आईला हाक मारली. "तीन वर्षांत हिची बाही सात सेंटीमीटर वाढली. खांदा वाढला, छाती वाढली. पँट किती वाढली माहितीय? तीन. हिच्या वर्गातल्या पोरांची बारा-तेरा वाढलीय."

"म्हणजे काय?"

"उपाशी पोर सगळीकडून बारीक राहील ना गं? ही फक्त पायात राहिलीय." मग बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आणि दादा उपासमारीनं खुंटला म्हणतात, तर मी त्याच घरात वाढले. त्याच पातेल्यातलं खाल्लं. माझे पाय कसे सरळ?"

"हिला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं," वहिनी म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात सगळे मुलांच्या मोठ्या रुग्णालयात निघाले. दादा, वहिनी, चिंगी, वह्यांची पिशवी घेतलेल्या बाई, आणि नको नको म्हणत असतानाही आलेली आजी. मी अर्थातच गळ्यात. बसचा कंडक्टर बाईंना म्हणाला, "तिकीट मापून देऊ का?" तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले. चिंगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

तिथे हाडांच्या वाढीचे आजार बघणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. पांढरे केस, पायात खेळाचे बूट. त्यांनी चिंगीला लांब व्हरांड्यात चालायला लावले, जमिनीवरून उठायला लावले. मग तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"दुखतं का गं कुठे?"

चिंगीने आईकडे पाहिले, मग खुब्यावर हात ठेवला. "इथे. रोज."

"मग कधी सांगितलं का नाहीस?" आईने विचारले.

"मला वाटलं, सगळ्यांचंच दुखतं," चिंगी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिला बसवून मोजले, उभी करून मोजले, हात पसरून मोजले. मग बाईंनी भीत भीत वह्या पुढे केल्या. डॉक्टरबाई बराच वेळ वाचत राहिल्या. "हे कुठल्या टेपनं घेतलंय?"

बाईंनी मला गळ्यातून काढून दिले. डॉक्टरबाईंनी मला टेबलावरच्या पोलादी पट्टीशेजारी सरळ अंथरले आणि आता माझे बिंग फुटणार होते. कारण मित्रांनो, कापडी टेपचे एक दुखणे असते. वर्षानुवर्षे ओढून ओढून ती ताणते. मग प्रत्येक माप खऱ्यापेक्षा थोडे कमी दाखवते.

"एका मीटरला एक सेंटीमीटर ताणलीय ही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे माझी सगळी मापं चुकली?"

मला वाटले, इथेच माझी घडी घालून कचऱ्यात टाकावी. या पोरीच्या बाबतीतच मी खोटी ठरावे?

"अहो, घाबरता कशाला?" डॉक्टरबाई हसल्या. "ताणली ती बाहीलाही तेवढीच आणि पँटलाही तेवढीच. पँटच्या मापात फार तर अर्ध्या सेंटीमीटरची चूक. इथे फरक दहाचा आहे. असली वही मला रोज मिळाली तर माझं निम्मं काम होईल."

माझा जीव भांड्यात पडला.

मग चिंगीचे रक्त घेतले, एक्स-रे काढले. डॉक्टरबाईंनी फाइलमधून एक जुना, चुरगळलेला रक्ताचा रिपोर्ट शोधून काढला. औषधे सुरू होण्याआधीचा. तो अगदी ठीक होता. मुडदूस असता तर त्यातले आकडे बिघडलेले असते. नव्या रिपोर्टमध्ये मात्र कॅल्शियम खूप वाढलेले होते. काय काय औषधे दिली असे विचारल्यावर आजीने आपल्या बाटलीचीही कबुली दिली.

"तहान, उलट्या, भूक न लागणं, हे सगळं जास्त झालेल्या औषधानं," त्या म्हणाल्या. "आणखी काही महिने चाललं असतं तर मूत्रपिंडावर आलं असतं. थेंब, इंजेक्शनं, घरची बाटली, सगळं आजपासून बंद. कॅल्शियम उतरेपर्यंत चिंगी इथेच राहील."

आजीने पदर तोंडाशी धरला.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला. "हाडाच्या टोकाशी कूर्चेचा पातळ थर असतो. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वर हाताला लागते ना, तसलं लवचीक काहीतरी. त्या थरातून हाड लांब होतं. हिच्यात तिथेच गडबड आहे. बघा, टोकं कशी कपासारखी पसरलीत, कडा उसवल्यासारख्या दिसतात." मग त्यांनी मागे वळून दादाकडे पाहिले. "तुम्ही जरा चालून दाखवता?"

दादा लाजला. चाळीस वर्षांत कुणी त्याला मुद्दाम चाल म्हटले नव्हते. तो व्हरांड्यात डुलत गेला, डुलत परत आला. डॉक्टरबाईंनी त्याचेही एक्स-रे काढायला सांगितले आणि बापलेकीचे रक्त जनुकांच्या तपासणीसाठी पाठवले.

पाच दिवसांनी चिंगी घरी आली. तिच्या उलट्या थांबल्या होत्या. एकदा तर तिने ताटातले संपवून आईच्या ताटातलेही खाल्ले. पण तपासणीच्या निकालाला सात आठवडे लागले आणि तोवर सगळ्यांचा जीव टांगणीला होता. बाई एकाच बाहीला दोनदा कात्री लावून बसल्या.

निकालाच्या दिवशी पुन्हा सगळे गेले. आजाराचे नाव होते मेटाफिजियल कॉन्ड्रोडिस्प्लेझिया. मला वाटले, एवढे लांब नाव मोजायला माझी एकटीची लांबी पुरायची नाही!

"बापलेकीत एकच दोष सापडलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग बाईंकडे वळल्या. "तुम्हाला लगेच कळेल. कापड उत्तम, शिलाई उत्तम, पण कागदावरच्या बेतातच एक खूण चुकलेली. मग कितीही चांगलं शिवा, तिथे तोकडंच होणार. हा आजार जन्मतःच असतो. खाण्यापिण्याशी त्याचा काही संबंध नाही."

आजी खुर्चीच्या कडेवर आली. "म्हणजे याचं... माझ्या मुलाचं... दूध नव्हतं म्हणून नाही?"

"नाही, आजी."

"पण दोन वर्षं घरात काहीच नव्हतं हो."

"घरात गोठा असता तरी त्याचे पाय असेच झाले असते."

"पुन्हा सांगा," आजी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पुन्हा सांगितले. आजीने तिसऱ्यांदा विचारले आणि त्यांनी तिसऱ्यांदाही तितक्याच शांतपणे सांगितले. मग ती म्हातारी लहान मुलासारखी रडली. मी अठरा वर्षे तिचा सुस्कारा ऐकत आले होते. तिच्या छातीवरून एवढे ओझे उतरताना पाहून मला वाटले, आज हिचे माप घेतले तर ही दोन बोटे उंच भरेल.

डोळे पुसून ती सुनेकडे वळली. "माझं चुकलं गं. फार बोलले तुला."

वहिनी उठून उभी राहिली. मग तिने सासूची पिशवी उचलली. "आई, चला, चहा घेऊ. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

दादा मात्र खाली मान घालून बसला होता. "म्हणजे हे माझ्याकडून गेलं तिच्याकडे."

"तुमच्याकडून तिच्याकडे हसणंही गेलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते मुद्दाम दिलंत का?"

त्यांनी काही लपवले नाही. चिंगी ठेंगणीच राहणार. पण तिची बुद्धी, तिचे आयुष्य, तिचे मणके, सगळे ठणठणीत. पाय वाढत्या वयात आपले आपण थोडे सरळ होऊ शकतात. नाहीच झाले तर छोट्या शस्त्रक्रियेने वळवता येतात. दर सहा महिन्यांनी तपासणी. उंचावरून उड्या नकोत, पोहणे भरपूर. दुखले की सांगायचे.

शिक्षिकेला चिठ्ठी गेली. चिंगीच्या बाकाखाली पाय टेकायला लाकडी पाट आला. खेळाच्या तासाला ती आता शिट्टी वाजवणारी पंच असते आणि एकदम कडक! कुणी चालण्यावरून विचारलेच तर सांगते, "माझ्या पायाची हाडं सावकाश वाढतात. तुझं काय सावकाश आहे?"

बाईंनी नवी टेप आणली. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण ताणलेल्या टेपने दुसऱ्यांचे कपडे बिघडवणे बरे नव्हे. हल्ली मी चिंगीकडे असते. ती मला घेऊन मांजराचे शेपूट मोजते आणि त्याची नोंद ठेवते. मांजराला हे मुळीच पसंत नाही.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. एखादे मूल डुलत चालत असेल, लवकर दमत असेल, त्याचे कपडे खांद्यात घट्ट होऊनही पायात तोकडे होत नसतील, तर त्याला आळशी म्हणू नका, त्याच्या आईला बोल लावू नका. डॉक्टरांना दाखवा. औषधाने गुण येत नसेल तर मनाने डोस वाढवू नका, पुन्हा विचारा. आणि शाळेतून घरी जाताना कुणी मागे राहिले, तर तुम्हीही पावले जरा आखडती टाका. गप्पा मारत चालले की लांबचा रस्ताही पुरत नाही, हे चिंगी आणि तिच्या दोन मैत्रिणींकडे बघून मला रोज कळते.