बावीस नंबर हजर

शंतनू सकाळी सहा दहाची ट्रेन पकडायला निघाला की इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमधलं आमचं घर एकदम गप्प होतं. इला मांडीवर दूध पीत असते आणि मी फोनकडे बघत असते. गेले पाच दिवस आई याच वेळेला फोन करते. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा दुपार असते.

आज तिला विचारायचंच, असं ठरवलं होतं. नोव्हेंबरमध्ये माझं ऑफिस सुरू होतंय आणि डे-केअरमध्ये जागा मिळणार जानेवारीत. मधले दोन महिने आई आली तर? खरं तर डे-केअर हे निमित्त. "जेवलीस का गं?" असं दिवसातून एकदा तरी कुणीतरी समोर उभं राहून विचारावं, एवढंच हवं होतं मला.

आधी दोनदा विचारलं होतं. "बाबांशिवाय एवढा प्रवास? एकटीला नाही जमणार," म्हणाली. आणि मग शेजारच्या रत्नाकाकूंबरोबर युरोपची टूर बुक केली! लागलंच मला ते. "अगं, टूरमध्ये आपल्याला मोजतात," तिनं समजावलं होतं. प्रत्येकाला नंबर असतो. बस सुटण्याआधी टूर मॅनेजर सुशांत हजेरी घेतो. आईचा नंबर बावीस.

फोन वाजला.

"उठली का आमची इला? हे बघ, सरोवर!" स्क्रीनवर निळं पाणी, मग आईचं नाक, मग पुन्हा पाणी. "कुणी शाईची वडी विरघळवलीय की काय! आणि जेवायला काय होतं सांगू? पिठलं-भात. समोर बर्फ आणि हातात पिठलं!"

"आई, ऐक ना. एक विचारायचंय."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. ती थांबली. "बोल."

मागून हाक आली, "बावीस! बावीस नंबर कुठे आहेत?"

आईनं वळून बघितलं, पण हलली नाही. "बोल गं तू. थांबतील ते."

तिच्यामागे कठड्यापाशी कुणीच उरलं नव्हतं. लांबवर बस, तिचं दार उघडं. मागे राहून जाण्याची तिला किती भीती वाटते, ते मला माहीत आहे. तरी उभी होती.

"पळ आई. आधी बस गाठ."

फोन तसाच हातात धरून ती धावली. आकाश, खडी, तिचे नवे पांढरे बूट, धाप. "आले, आले! बावीस हजर!"

बसमध्ये टाळ्या. रत्नाकाकूंचा आवाज सगळ्यांच्या वर, "उशीर झाला हं वहिनी! गाणं म्हणा आता."

"नको हो. आवाज कुठे राहिलाय."

"ते काही नाही. काल मी म्हटलं की नाही?"

फोन मांडीवर पालथा पडला असावा. स्क्रीन काळी झाली. आणि त्या अंधारातून आई गायला लागली. तांदूळ निवडताना म्हणायची तेच. बाबा गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, मी तिचं गाणं ऐकलं नव्हतं. इलानं दूध सोडलं आणि फोनकडे मान वळवली.

दुसऱ्या ओळीवर फोन कट झाला. बोगदा आला असेल.

परत लावला, लागेना. फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. "आई, नोव्हेंबरमध्ये ये," असं टाइप केलं, पुसलं. मग लिहिलं, "गाणं अर्धं राहिलं. नोव्हेंबरमध्ये येऊन पूर्ण कर. एअरपोर्टच्या दारात उभी राहून मी मोजून घेईन तुला."

पाठवलं. इला झोपली. साडेसात वाजून गेले.

मेसेजवर अजून एकच टिक आहे.