आपोआप उघडणारं पान

मी ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवते. सगळ्यात जास्त वेळा शिवली ती एका नवऱ्याच्या कबुलीची कादंबरी. बायकोला वेड लागलं, आपण तिचं किती प्रेमानं केलं आणि शेवटी तिला कसं संस्थेत ठेवावं लागलं, हे तोच सांगतो. अर्धे वाचक म्हणतात बिचारा, अर्धे म्हणतात लबाड. एकदा तर ती कपाटातून काढून टाका म्हणून अर्ज आला होता.

या खेपेला मी तिची शिवण नवी केली आणि पहिल्यांदा नेली ती ताईच्या नवऱ्यानं, आमच्या भावोजींनी.

"दहा पानांत कंटाळलो," परत करताना ते म्हणाले. "बाकी तुमची ताई हल्ली फार विसरते हो. सोमवारी डॉक्टरांकडे नेतोय. बहुतेक कुठेतरी ठेवावं लागेल."

ते गेल्यावर मी पुस्तक टेबलावर ठेवलं. नवं शिवलेलं पुस्तक जिथे जास्त वेळ उघडं धरलेलं असतं, तिथेच आपोआप उघडतं. हे उघडलं थेट दीडशेव्या पानावर. तिथे नवरा बायकोचा चष्मा लपवतो आणि मग तिच्यासोबत शोधतो.

म्हणजे दहा पानांत कंटाळलो हे खोटं. पण घडीत निळी भुकटी दिसली. शिंप्याच्या खडूची. ताई शिवणकाम करते; म्हणजे हे पान तिनंही वाचलं होतं.

संध्याकाळी तिच्याकडे गेले.

"ताई, माझ्या जुन्या कोटाची बाही किती गं?"

"साडेएकवीस. डावी पाव इंच कमी, तू तिरकी उभी राहतेस म्हणून," ती टेप न उचलता म्हणाली.

"मग विसरतेस काय तू?"

तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चष्मा त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. तो खिसा मीच शिवलाय. सोमवारी डॉक्टरांसमोर म्हणणार, कोट द्या जरा, अस्तर उसवलंय."

भावोजी आत आले. "काय कुजबुज चाललीय बहिणींची?"

"बाहीचं माप घेतेय," ताई म्हणाली. "अहो, माझा चष्मा दिसला का कुठे?"

"बघा," ते माझ्याकडे वळून हळहळले. "पुन्हा तेच."

"सोमवारी मीही येते," मी म्हटलं.

"तुम्ही कशाला?"

"मलाही हल्ली विसरायला होतं, भावोजी. एकदमच दाखवून घेऊ."