चिंचेच्या खोडावरचा बोर्डो

वर्ध्यातल्या त्या सभागृहात जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी बोन्सायचं प्रदर्शन भरलं होतं. लांब टेबलांवर पांढऱ्या चादरी आणि त्यांवर एकसष्ट झाडं. तळेगावहून आर्वीमार्गे एसटीनं आलेले रूपराव आणि त्यांची बायको पंचफुला दारात थांबले. आत जावं की नाही, हे रूपरावांचं अजून ठरलं नव्हतं.

"अडीच घंटे बसमंधी बसून दार पाहाले आलो का?" पंचफुला म्हणाली.

"थांब ना. बाई कुठं बसल्या ते पाहू दे."

"बाई काई वाघ नाई. चाला."

बाई म्हणजे सुलोचनाबाई. चाळीस वर्षांपूर्वी तळेगावच्या शाळेत त्या रूपरावांना शिकवायच्या. पुढे त्या वर्ध्यात राहू लागल्या आणि गच्चीवर बोन्साय वाढवू लागल्या. रूपराव संत्र्याची कलमं बांधतात, त्यामुळे माती आणि छाटणीबद्दल बाई त्यांच्याशी बोलायच्या. बाईंची सगळ्यात लाडकी चिंच सत्तावीस वर्षांची, पण उंची हातभरच.

गेल्या एप्रिलअखेर बाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगी वर्षाली त्यांना नागपूरला घेऊन गेली. गच्चीवर पाणी द्यायला ठेवलेला माणूस मे महिन्यात नऊ दिवस आलाच नाही. दहाव्या दिवशी रूपराव चौकशीला गेले, तेव्हा चिंचेवर एक पान उरलं नव्हतं. त्यांनी बाईंना फोन केला. पलंगावरून बाई एवढंच म्हणाल्या, "तुला सुचेल ते कर."

रूपराव तळेगावपर्यंत चिंच मांडीवर घेऊन आले. नखानं साल खरवडून पाहिली. खोड आत हिरवं होतं, डावीकडची जाड फांदी मात्र पार वाळली होती. ती त्यांनी बुडापासून आरीनं कापली. मग मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो तयार केला. बुरशी लागू नये म्हणून पावसाळ्याआधी संत्र्याच्या प्रत्येक झाडाला बुंध्यापासून कमरेइतका लावतात, तोच निळसर पांढरा लेप. चिंच कमरेइतकी नव्हतीच. ती शेंड्यापर्यंत रंगली.

जुलैत तिला पालवी फुटली. दसऱ्यानंतर बाई वर्ध्याला परतल्या, तशी रूपरावांनी ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर चिंच पाठवली. स्वतः गेले नाहीत, कारण तोवर पुतण्यानं त्यांना मोबाइलवर बोन्सायचे फोटो दाखवले होते. या झाडांची भेगाळलेली जुनी साल हाच त्यांचा दागिना असतो, आणि वाळकी फांदीसुद्धा शोभा म्हणून मुद्दाम राखतात, हे त्यांना तेव्हा कळलं. गाडीवाल्यानं परत येऊन सांगितलं, "बाई लय वेळ पाहात राह्यल्या. मंग इचारलं, फांदी कुठी आहे म्हणून."

त्यानंतर बाईंचे चार फोन आले. रूपरावांनी एकही उचलला नाही. शेवटी घरी प्रदर्शनाची पत्रिका आली आणि पंचफुलानं बसची वेळ विचारून घेतली.

आत शिरल्यावर मात्र रूपराव भीती विसरले. पसरट कुंडीतला एक वड होता. पारंब्या सुतळीएवढ्या, पण खऱ्या, मातीत टेकलेल्या. उंबराला मिरीएवढी फळं लागली होती. रूपराव प्रत्येक कुंडीशी वाकून बुडाकडे पाहात होते. दर दोन वर्षांनी मुळं कापायची, नवी माती भरायची आणि तरी झाड मरू द्यायचं नाही. आयुष्यभर झाडं मोठी करण्यात गेलेल्या माणसाला हे काम किती अवघड आहे ते दिसत होतं. कोणीतरी यांतलं एकेक पान रोज पाहिलं होतं.

संत्र्याच्या बोन्सायपाशी पंचफुला थबकली. त्याला दोन संत्री होती.

"आपले झाडं एवढे राह्यले असते तं तोडाई मी एकटीनंच केली असती. बसल्या बसल्या."

"अन् खाल्लं काय असतं?"

"दोन संत्रे. एक तुमाले, एक मले."

रूपराव हसले आणि हसता हसताच त्यांना पुढच्या टेबलावर चिंच दिसली. पालवी दाट होती. खोड तसंच निळसर पांढरं. डावी बाजू मोकळी. शेजारी काठी धरून खुर्चीत सुलोचनाबाई, आणि समोर नागपूरहून आलेले परीक्षक गजेंद्र, हातात कागद घेऊन.

"बाई, झाड उत्तम आहे," गजेंद्र म्हणत होते, "पण याला रंग कुणी दिला? सगळी साल झाकली गेली."

रूपराव दोन पावलांवर उभे होते. मागे फिरता आलं असतं. पंचफुला त्यांच्याकडे पाहात होती.

"म्या लावला, साहेब," ते म्हणाले. "रंग नाई, बोर्डो आहे. फांदीबी म्याच कापली. मले मालूम नव्हतं. बाई, चुकलं माझं."

बाईंनी चष्म्यातून त्यांना नीट पाहून घेतलं.

"आलास? चार फोन केले मी."

"भेव वाटलं, बाई."

"कशाचं? अरे, मला विचारायचं होतं की हा लेप धुवायचा कधी! सगळे म्हणाले ब्रशनं घासून टाका. मी म्हटलं, हात लावायचा नाही. माझ्या पायाचे टाके ज्या डॉक्टरनं घातले, त्यालाच विचारून काढले ना? मग झाडाच्या डॉक्टरला नको विचारायला? आणि डॉक्टर फोनच उचलत नाही."

गजेंद्र हसायला लागले.

"फांदीचं वाईट वाटलं," बाई पुढे म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? आठ दिवस मी त्या बाजूला बघत नव्हते. पण हॉस्पिटलात मी गृहीतच धरलं होतं की झाड गेलं. ते घरी आलं तर पानं हलत होती. तुझे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही, रूपराव."

शाळेत त्या त्यांना नुसतं रूप्या म्हणायच्या.

"आभार कायले, बाई," ते पुटपुटले, आणि नजर चुकवायला चिंचेवर वाकले. कापल्या जागेवरचा लेप त्यांनी बोटानं हळूच सारला. घावाच्या कडेनं नवी साल आत वळत होती. "भरून राह्यलं. आता धुतला तं चालते. नरम ब्रश घ्या, पाणी कमी."

"आणि ही मोकळी बाजू?" गजेंद्रांनी विचारलं.

रूपरावांनी घावाखाली दोन बोटांवर फुटलेले तीन कोंब दाखवले. "यातला एक ठेवाचा. तार लावून आडवा नेला तं फांदी होते."

"किती वर्षांत?" बाईंनी विचारलं.

"अंगठ्याएवढी जाड व्हाले सात-आठ तरी लागते."

बाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. "मला आता वाकता येत नाही. येत जाशील?"

"येईन, बाई."

"माझा नंबर घ्या तुमी," पंचफुला मध्येच म्हणाली. "मी उचलतो फोन."

बाईंनी नंबर लिहून घेतला. मग टेबलाखालच्या पिशवीतून लहान कात्री काढून रूपरावांच्या हातात दिली. चार-पाच माणसं जवळ येऊन उभी राहिली. रूपरावांनी तिन्ही कोंब नीट पाहिले आणि कात्री टेकवण्याआधी विचारलं, "मंधातला ठेवू का, बाई?"

"तू सांग," सुलोचनाबाई म्हणाल्या.